धोंडीबाची टकळी

धोंडीबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मला वेडा वाटला नाही, धनगर वाटला. चाळिशीचा गडी, खांद्यावर घोंगडी, मनगटाला लोकरीचा पेळू गुंडाळलेला, हातात टकळी. टकळी मांडीवर घासून सोडली की गरगरत खाली जाते, लोकरीचा धागा होतो, तो गुंडाळायचा आणि पुन्हा घासायची. मेंढरांमागं हिंडणारा कुठलाही गडी हेच करतो. फरक एवढाच की बाकीच्यांना गप्पा मारायच्या असल्या, भांडायचं असलं किंवा एखादी बाई पाण्याला चालली असली की त्यांची टकळी थांबायची. धोंडीबाची थांबायची नाही. जेवायला बसला तरी डाव्या हाताची बोटं मांडीवर चालूच.

गाव सेलूच्या पुढं, दुधनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. नाव लिहीत नाही. तिथली पोरं आता शिकली आहेत, आणि शिकलेल्या माणसाला अपमान आधी कळतो, मजकूर नंतर. चौऱ्याहत्तर सालापासून मी तिथं शाळेवर मास्तरीण होते. औरंगाबादची बी. ए., आणि छप्पन साली देव्हारा ओढ्यात सोडलेल्या घरातली. तेव्हा गावात मला भाड्यानं घर मिळायचा प्रश्नच नव्हता. शाळेमागची खोली मिळाली आणि खोलीमागं धोंडीबाचं घर. शेजार मी काही पसंत करून घेतला नव्हता.

घरात मोठा भाऊ, त्याची बायको केवळाबाई, त्यांची मुलगी सुगंधा, आणि हा. मोठ्या भावाचं नाव येडबा. म्हणजे येडबा तो शहाणा, आणि गाव येडा म्हणायचं ते धोंडीबाला. याची गंमत तिथं कुणालाच वाटत नसे. गंमत वाटायलाही थोडी अक्कल लागते.

धोंडीबाचा दिवस ठरलेला होता. उजाडलं की घरातून निघायचा, अंगणातून सरळ, लिंबाला हात लावायचा, मग शाळेच्या भिंतीला हात घासत, पारावरून ओढ्यापर्यंत, ओढ्यातल्या मोठ्या खडकाला हात लावून परत. दुपार कलली की पुन्हा तेच. वाटेत कुणी गाडी आडवी लावली तर तो वळसा घालायचा नाही. घरी परत जायचा आणि पहिल्यापासून निघायचा. गाडी हलेपर्यंत हे चालायचं. मी वर्गात पाढे घेत असले की भिंतीला घासणारा हात ऐकू यायचा, पोरं दाराकडं बघायची, आणि मलाही पाढा पहिल्यापासून घ्यावा लागायचा. फार राग यायचा. रागावून उपयोग नव्हता, कारण तो ऐकून घेताना माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायचा, जणू ज्या बाईला मी बोलतेय ती तिकडं उभी आहे.

भाकरी ज्वारीची, आणि कालवण तिला शिवलं की ताट उलटं. नवा सदरा अंगाला टोचायचा म्हणून तो टराटरा फाडून टाकायचा. केवळाबाईनं त्यावर तोड काढली होती. सदरा आणला की आधी येडबानं घालायचा, धुऊन धुऊन मऊ करायचा, मग धोंडीबाला. धाकट्यासाठी कपडे जुने करून देणारा मोठा भाऊ मी उभ्या मराठवाड्यात तेवढाच पाहिला. हलगी वाजली की धोंडीबा कानावर हात दाबून गोठ्यात. आणि समोर कुणीही आलं, तहसीलदार का असेना, की त्याचा एकच प्रश्न: “पाणी कुठवर आलंय?”

पावसाळ्यात हा प्रश्न ठीक होता. तो उन्हाळ्यातही विचारायचा. बहात्तरच्या दुष्काळात, ओढ्यात धुरळा उडत असताना, खडी फोडून आलेल्या माणसांना विचारायचा, आणि त्यापायी त्यानं मारही खाल्ला. येडबा सांगायचा, ल्हानपणी ओढ्याच्या पुरात त्याच्या डोळ्यांदेखत मेंढरं वाहून गेली, तवापासून हा असा झाला. केवळाबाई त्या पुराच्या आधीच लहान वयात त्या घरात नांदायला आली होती. ती म्हणायची, पुराच्या आधीबी असाच होता, ह्यांना कारण पायजे म्हणून पूर.

आता याला नाव आहे. परभणीला माझी भाची डॉक्टरीण आहे, तिनं सांगितलं. स्वमग्नता म्हणतात, इंग्रजीत ऑटिझम. मोठ्या माणसांतसुद्धा असते असं तिनं मला असं काही समजावलं, जसं काही अशी मुलं मोठी न होता विरून जातात असंच मी समजत होते. नाव कळलं, चांगलं झालं. पण तेव्हा नाव नव्हतं, आणि दुखण्याला नाव नसलं की गावाला इलाज फार सुचतात. त्याला लहानपणी तापल्या विळ्यानं डाग दिले होते. लिंबं उतरून झाली, ताईत बांधून झाले. मोठा झाल्यावर आबासाहेबांनी लग्न सुचवलं. आपल्याकडं पुरुषाच्या कुठल्याही रोगावर परक्याची पोरगी हे औषध चालतं, आणि बाटली रिकामी झाली तर दुसरी मिळते. त्या वेळी केवळाबाईनं सांगितलं होतं की ह्या घरात एक पोरगी मी आले तेवढी बास.

आबासाहेब म्हणजे गावचे पाटील. पाटीलकी जाऊन जमाना झाला होता, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. येडबा त्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, त्यामुळं येडबाच्या घरात काय शिजतं इथपासून कोण राहतं इथपर्यंत सगळ्यात त्यांचं नाक. दुपार कलली की ते पारावर बसायचे आणि रझाकारांच्या वेळची एक हकीकत सांगायचे. रोज तीच. “रात अंधारी, आन म्या एकला,” इथून सुरुवात. रोज त्याच जागी थांबायचे, त्याच जागी खाकरायचे, त्याच जागी मांडीवर थाप. मध्ये कुणी काही विचारलं तर पुढं जायचे नाहीत, पुन्हा अंधाऱ्या रातीपासून. ऐकणारेही रोज त्याच जागी “वा आबा” म्हणायचे. पारासमोरून त्याच वेळी धोंडीबा ओढ्याला चाललेला असायचा, आणि आबासाहेब हकीकत थांबवून म्हणायचे, बघा, ह्या येड्याचं रोज तेच. मग पहिल्यापासून.

पंच्याहत्तरच्या होळीच्या सुमाराला सुगंधाला स्थळ आलं. मुलगा पूर्णेला रेल्वेत खलाशी. त्या घराला हे स्थळ म्हणजे मेंढराच्या गळ्यात चांदीची घंटा. मुलाचे वडील किशनराव, जातीचे धनगर, मेंढरं विकून मुलाजवळ पूर्णेला राहायला आलेले. सोयरीक आबासाहेबांच्या ओळखीतून आली, म्हणून बंदोबस्तही आबासाहेबांनीच हाती घेतला.

बंदोबस्त असा. घोंगड्या, लोकर, टकळ्या, सगळं आत टाकायचं. मुलगा सरकारी नोकरीत, तेव्हा तुमी मेंढरंवाले दिसू नका. बसायला शाळेतल्या खुर्च्या आणि सतरंजी. धोंडीबा कुणाच्या नजरेला पडता कामा नये. एवढ्यावर थांबले असते तर ते आबासाहेब कसले. घरात येडं आहे असं एकदा कळलं की पोरीला कुणी विचारणार नाही, आणि उद्या लग्नात हलगी वाजली की हा काय तमाशा करील सांगता येत नाही. तेव्हा पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांची गाडी येईल, ती धोंडीबाला लांबच्या एका देवस्थानाला नेऊन सोडील. तिथं अशा लोकांना ठेवून घेतात. देव बरं करतो.

ते ठिकाण मी पाहिलं होतं. देव काय करतो ते माहीत नाही. माणसं साखळीनं खांबाला बांधतात. खांबांचा दगड घोट्याच्या उंचीला घासून गुळगुळीत झाला होता. हे मी आबासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मास्तरीणबाई, तुमी खुर्च्या द्या. सल्ला आमच्याकडं लय हाय.”

येडबानं मान डोलावली. मेंढरांत आयुष्य काढलेल्या माणसाला एकजण पुढं चालला की मागं जायची सवय लागते.  केवळाबाई बोलत नसली की घरातली भांडी बोलायची, आणि त्या रात्री माझ्या खोलीपर्यंत पितळेचा आवाज येत होता. एरवी ती धोंडीबाला दिवसभर शिव्या द्यायची. मेल्या, मुडद्या, माझ्या जिवाला खायलास. पण शिव्या देणारं माणूस साखळी लावत नाही. हा फरक पुष्कळांना कळत नाही.

पाहुणे यायचे त्या दिवशी पहाटेच येडबानं धोंडीबाच्या उशाची टकळी काढून ठेवली. उघड्यावर बसून लोकर कातणारा माणूस दिसायला नको, हा त्यातला विचार. यात काही चुकतंय हे माझ्याही डोक्यात आलं नाही, बी. ए. असून. धोंडीबा उठला, उशाखाली हात घातला, घोंगडी झाडली, पुन्हा उशाखाली हात घातला. मग तसाच फेरीला निघाला. रिकामी बोटं मांडीवर घासत, हवेत सोडत, घासत, सोडत. मागं लोकर नाही, धागा नाही. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा वेडा झालेला पाहिला. दुपारपर्यंत तो उकिडवा बसून मागंपुढं झुलायला लागला होता आणि नाकातून एक लांब सूर काढत होता. तेव्हा त्याला शेळ्यांच्या गोठ्यात घालून ताटी लावली.

पाहुणे आले. किशनराव, खलाशी मुलगा, बरोबर दोघे भावकीतले. मुलाचा टेरिलिनचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. किशनराव तांबडा पटका सांभाळत शाळेच्या खुर्चीवर बसले, ते असे की जसं एखाद्याला शिक्षेला बसवावं. मी खुर्च्यांमुळं आले होते आणि खुर्च्यांमुळंच उभी होते. मला चहा काचेच्या ग्लासात आला, बाकीच्यांना कपबशीत. कारण विचारायची जरुरी नव्हती.

किशनरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, मेंढरं कुठं हायेत? आबासाहेबांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की दुष्काळात बरीच गेली, आता उरलेलीही काढून टाकायचा विचार आहे, जमाना बदलला. किशनरावांचा चेहरा बदलला. घोंगडी नाही, लोकरीचा वास नाही, धनगराच्या घरात सतरंजी. त्यांना वाटलं असणार, घर बसलेलं दिसतंय. म्हणजे घर सुधारलेलं दिसावं म्हणून केलेल्या खटपटीनं घर बुडालेलं दिसायला लागलं. तेवढ्यात गोठ्यातून तो सूर आला.

हे काय, म्हणून किशनरावांनी विचारलं. आबासाहेब म्हणाले, कोकरू हाय, आईपासून तोडलंय.

किशनरावांचा जन्म कोकरांत गेलेला. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “असं कोकरू म्या न्हाई ऐकलं कवा.”

दुपार कलली होती. गोठ्याची ताटी हलली. धोंडीबानं ती तोडली नाही, ढकलली नाही. उचलून नीट बाजूला टेकवून ठेवली. घरात गेला, घरातून बाहेर आला, आणि नेहमीच्या वाटेनं अंगणात निघाला. वाटेवर किशनराव बसले होते.

तो खुर्चीपर्यंत आला, थांबला, मागं फिरला, घरात गेला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा खुर्चीपर्यंत, पुन्हा मागं. आबासाहेबांनी मोठमोठ्यानं कापसाच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात केली. खलाशी मुलगा चुरमुऱ्यांच्या सुशील्याची बशी हातात धरून तोंड उघडं टाकून बघत राहिला. धोंडीबा पुन्हा आला. तेव्हा किशनराव उठले आणि आपली खुर्ची बाजूला घेतली. एवढंच. एवढी साधी गोष्ट गावाला तोवर सुचली नव्हती.

धोंडीबा मोकळ्या जागेत आला आणि त्यांच्या पटक्याच्या वर बघत म्हणाला, “पाणी कुठवर आलंय?”

किशनराव आता पूर्णेला राहणारे. घर नदीकाठी. त्यांच्याकडं आल्यागेल्याला हेच विचारतात. “पुलाच्या लय खाली हाय,” ते म्हणाले. “औंदा पाऊसच कुठं झाला.”

त्या प्रश्नाला उत्तर असतं हे आमच्या गावाला त्या दिवशी कळलं. धोंडीबानं ऐकून घेतलं, पण लिंबाकडं गेला नाही. तिथंच उभा राहून मांडीवर तळवा घासत राहिला. सकाळपासून घासून घासून धोतर फाटलं होतं, आतली कातडी लाल झाली होती. किशनराव त्या हाताकडं बघत होते. तो हात त्यांनी ओळखला. त्यांच्या स्वतःच्या बापाचा, चुलत्यांचा, सगळ्यांचा तोच हात. त्यांनी विचारलं, “ह्याची टकळी कुठाय?”

येडबा जमिनीकडं बघायला लागला. आबासाहेब म्हणाले, “सोडा हो. गावचं येडं हाय ते, ह्या घरचं न्हाई.” आणि विषय मोडायला म्हणून लगेच आतल्या बाजूला हाक दिली की पोरीला बाहेर येऊन चालून दाखवू द्या, पाव्हण्यांना पाय बघायचेत.

आपल्यात ही रीत होती. मुलगी लंगडी नाही ना, म्हणून तिला चालायला लावायचं. बाजारात जनावर चालवतात तसं. सुगंधा डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली. अंगणाच्या मध्यापर्यंत चालली. चुलत्याकडं पाहिलं. मग वळली, आणि चांगल्या ठाम पावलांनी परत घरात गेली. आत कणगीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा हातात टकळी होती आणि टकळीला ज्वारीचा भुसा लागलेला. सगळ्यांदेखत ती धोंडीबापाशी गेली.

“घे काका,” ती म्हणाली.

धोंडीबानं टकळी पुसली, मांडीवर घासली, सोडली. सूर थांबला. दोन्ही खांदे खाली आले. धागा निघाला तसा तो लिंबापाशी गेला, लिंबाला हात लावला, आणि शाळेच्या भिंतीच्या कडेनं ओढ्याकडं चालता झाला. बघता बघता पुन्हा धनगर. तांबड्या पटक्याचा दुसरा कुणी पाहुणा त्याच वेळी अंगणात आला असता तर त्यानं त्याच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

 आबासाहेब कप तोंडाला लावून बसले होते आणि कपात चहा नव्हता. किशनराव म्हणाले, मंजी हा घरचाच. कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे, पण उत्तर चौकटीतून आलं. केवळाबाई पदर डोक्यावर, हातात सुशील्याचं पातेलं.

“घरचाच हाय,” ती म्हणाली. “माझा दीर हाय. पैल्यापासून असाच हाय, आन असाच ऱ्हाणार. त्याला कुठं धाडणार न्हाई. पोरगी पसंत असंल तर सांगा. नसंल तर सुशीला खाऊन जावा, गरम हाय.”

येडबानं मान डोलावली. त्याची मान कुठल्याही बाजूला डोलायची, पण त्या दिवशी पहिल्यांदा बायकोच्या बाजूला डोलली.

किशनरावांनी सुशीला खाल्ला, दोनदा घेतला, आणि कळवतो म्हणून गेले. इथं गोड शेवट पाहिजे असेल तर मिळणार नाही. महिन्यानं निरोप आला: नकार. मी चौकशी केली, कारण मला अशा गोष्टींची चौकशी केल्याशिवाय झोप येत नाही. येड्याचं त्यांना काही नव्हतं. किशनरावांच्या मंडळींनी ऐकलं होतं की पोरीची आय तोंडाळ हाय. घरात येडा चालतो, बोलती बाई चालत नाही.

पण हे महिन्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांची गाडी ठरल्याप्रमाणं दारात आली. गाडीवानाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आबासाहेब आदल्या दिवसापासून पोट दुखतं म्हणून घरात होते. गाडीवान म्हणाला, न्यायचं कुठाय ते माणूस? केवळाबाईनं त्याला थांबवलं, आत गेली, आणि धोंडीबानं वर्षानुवर्षं कातून माळ्यावर रचलेले लोकरीच्या सुताचे गुंडे बाहेर काढायला लागली. मी आणि सुगंधानं हात लावला. गाडी तट्ट भरली. गाडीवानाला सांगितलं, देवाकडं न्हाई, सेलूला सणगराकडं जा, घोंगड्या इणायला टाक, पोरीच्या लग्नाला लागत्यात. आबासाहेबांची गाडी, आबासाहेबांचे बैल. रिकामी कशाला परत धाडायची.

सुगंधाचं लग्न पुढच्या साली जिंतूरकडच्या एका मेंढरंवाल्याशी झालं. पाहुणे त्या नव्या घोंगड्यांवर बसले. हलगीवाल्यांना केवळाबाईनं सांगून ठेवलं होतं की धोंडीबा ओढ्याला गेला की वाजवा, दिसला की थांबा. ते बिचारे वरातीत सारखे मागं वळून बघत होते. मांडवाच्या कडेला तो कातत बसला होता. वरबापानं विचारलं हे कोण, कुणीतरी म्हणालं चुलता, आणि वरबाप जिलेबीकडं वळला.

राहिले आबासाहेब. त्यांच्या हकीकतीत त्या सालापासून भर पडली. रझाकार संपले की ते खाकरायचे आणि पुढं सांगायचे की पूर्णेचे पाव्हणे आले होते, सगळी घाबरली होती, आन म्या एकला म्हणलो, अरे द्या त्याची टकळी त्याला. इथं मांडीवर थाप. इथं “वा आबा”. रोज तेच शब्द, तीच थाप. समोरून धोंडीबा टकळी फिरवत ओढ्याला चाललेला. तो विचारायचा, पाणी कुठवर आलंय, आणि पारावरचं कुणीतरी आता सांगायचं, गुडघाभर, किंवा, न्हाई आलं अजून. तो पुढं जायचा. ज्या देवस्थानाला त्याला नेणार होते तिथं खांब पुष्कळ होते, पण आबासाहेबांसाठी गाडी कुणी जुंपली नाही.

मी शाळा सुटल्यावर वह्या घेऊन पारावरूनच जायचे. हकीकत मांडीवरच्या थापेपर्यंत आली की मी थांबायचे आणि आबासाहेबांना विचारायचे, आबा, रात अंधारी होती का चांदणी? मग ते पहिल्यापासून सुरू करायचे.